‘जे असंल ते’ म्हणणाऱ्या आजीचं स्पॅनिश

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या आहेत. माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं. स्पॅनिश पुण्यात शिकल्या, परीक्षा दिल्या, आणि गेली सहा वर्षं नवरा व मुलासह माद्रिदच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत राहतात. दोघंही नोकरी करतात. आठ वर्षांचा मुलगा शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असतो. आजी पंचाहत्तरीच्या, आंदालुसियातल्या खाएन प्रांतातून तरुणपणी माद्रिदला आलेल्या. परवा पालकसभेत शिक्षिका म्हणाल्या, “मुलगा हुशार आहे, पण शब्दांच्या शेवटचे एस खातो, ‘आया’च्या जागी ‘आइगा’ म्हणतो. घरी असं कोण बोलतं?” त्याच आठवड्यात दुकानाच्या रांगेत त्या मुलाशी मराठीत बोलत होत्या, तेव्हा मागचा गृहस्थ म्हणाला, “एन क्रिस्तिआनो, पोर फाबोर.” म्हणजे ‘ख्रिस्ती भाषेत बोला’. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तो नुसता वाक्प्रचार आहे, मनाला लावून घेऊ नकोस. नवऱ्याचं म्हणणं असं की मुलाला आजींकडे पाठवणं बंद करून शाळेनंतरच्या शिकवणीला घालावं, आणि घराबाहेर मराठी बोलूच नये. बाई विचारतात: “पुण्यात माझ्या ‘पानी’ला वर्गात हसले होते, ते मी अजून विसरले नाही. मुलाला तेच भोगायला लागू नये. आजींचा त्याच्यावर जीव आहे. पण चुकीची भाषा अंगात मुरली तर पुढे काय?”

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, आजी त्याच्यापुढे ताटली ठेवतात आणि म्हणतात, ‘कोमे लो के आइगा, निन्यो.’ तुम्ही त्याचं मराठी केलंय ‘खा बाळा, जे असेल ते’. मी ते ‘जे असंल ते’ असं करीन. ‘आया’ म्हणजे ‘असेल’ आणि ‘आइगा’ म्हणजे ‘असंल’. तुमच्या माहेरी हे रूप अजून रोज वापरात असेल. ते तुम्ही पत्रात लिहिताना हळूच बदललंत, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची सुरुवात तिथेच आहे.

शिक्षिकेनं दोन तक्रारी एका दमात सांगितल्या आणि तुम्ही त्या एकाच पिशवीत घालून घरी आणल्या. आधी त्या वेगळ्या करू या.

शेवटचा ‘एस’ न उच्चारणं हा उच्चाराचा, म्हणजे मुलखाचा भाग झाला. जवळजवळ अख्खा आंदालुसिया, कॅनरी बेटं, क्युबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, चिले, इतक्या ठिकाणी हा एस हवेसारखा होतो किंवा गळतो. तिथले न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक, मंत्री असंच बोलतात. स्पॅनिशमध्ये या लकबीला ‘कोमेर्से लास एसेस’ म्हणतात, म्हणजे एस खाणं. आपणही ‘अर्धे शब्द खातो’ म्हणतोच. खाल्लं म्हणजे संपलं, ऐकणाऱ्याच्या हाती काही आलं नाही, असा त्यात आरोप आहे.

आता एक गोष्ट करून बघा. आजींना ‘गातो’ म्हणायला सांगा, मग ‘गातोस’. एक मांजर आणि अनेक मांजरं. दोन्ही वेळा एस ऐकू येणार नाही. पण नीट कान दिलात तर दुसऱ्या वेळी शेवटचा ‘ओ’ रुंद झालेला, आपल्या ‘ऑ’कडे झुकलेला ऐकू येईल, कित्येकदा आधीचा ‘आ’सुद्धा उघडतो. खाएन, ग्रानादा, आल्मेरिया या पूर्वेकडच्या आंदालुसियात अनेकवचन एसवरून उतरून स्वरावर जाऊन बसलं आहे. भाषाशास्त्रज्ञ गेली ऐंशीहून जास्त वर्षं याचा अभ्यास करताहेत. म्हणजे आजींनी एस खाल्ला खरा, पण अर्थ सांडला नाही, आणि तुमच्या मुलाचा कान हा बारीक फरक बहुधा आपसूक पकडतो. इतका तयार कान असलेल्या मुलाची भाषा बिघडते आहे असं मला म्हणवत नाही.

आणि तुमच्या अवतीभवती जे बोललं जातं तेही जरा ऐका. ‘एस के’ (‘म्हणजे काय झालं...’) हे माद्रिदचे लोक ‘एख के’ असं म्हणतात, त्यावरून बाकीचा स्पेन त्यांना ओळखतो. ‘मी तिला सांगितलं’ यासाठी व्याकरणाप्रमाणे ‘ले दिखे’ हवं. माद्रिद आणि वायादोलिदमध्ये सर्रास ‘ला दिखे’ म्हणतात, आणि स्पॅनिश अकादमी ते मान्य करत नाही. पुण्यात स्पॅनिश शिकताना ‘सगळ्यात शुद्ध स्पॅनिश वायादोलिदमध्ये बोलतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलं आणि शिकवायला लागल्यावर कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना तसंच सांगितलं. आज सांगत नाही. स्पॅनिश मातृभाषा असलेले सुमारे ५० कोटी लोक आहेत आणि अख्ख्या स्पेनची लोकसंख्या ५ कोटींच्या आत आहे. ‘धन्यवाद’साठीच्या एकाच शब्दाचे ‘ग्रासिआस’ आणि ‘ग्राथिआस’ असे दोन उच्चार आहेत, त्यांतला ‘थ’ म्हणणारे तर त्याहून थोडे. मी या उत्तरात ‘स’ लिहिते आहे, कारण बहुसंख्य लोकांचा उच्चार तोच आहे. तुम्ही माद्रिदला राहता म्हणून ‘थ’ म्हणत असाल, तर तोही तितकाच बरोबर.

आता ‘आइगा’. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. हे रूप आज स्पेनमध्ये अडाणीपणाची खूण मानलं जातं. नोकरीच्या मुलाखतीत ते तोंडून गेलं तर समोरचा मनात टिपून ठेवतो. मुलाला ‘आया’ आलंच पाहिजे. पण ‘आइगा’ अडाणी कधी आणि कसं ठरलं, ते ऐका.

जुन्या स्पॅनिशमध्ये ‘पडेल’साठी ‘काया’ होतं, ‘आणेल’साठी ‘त्राया’. बोलता बोलता लोकांनी त्यांत ‘ग’ घातला आणि ‘काइगा’, ‘त्राइगा’ झालं. आज तीच रूपं बरोबर आहेत, शाळेत तीच शिकवतात. त्याच ओघात ‘आया’चं ‘आइगा’ही झालं. दोघांना लिहित्या-वाचत्या वर्गानं आपल्यात घेतलं, तिसऱ्याला दाराबाहेर ठेवलं. आजींच्या तोंडी आहे तो शब्द कुणाच्या बेपर्वाईतून आलेला नाही, तो काही शतकं जुना आहे. वटवाघळासाठी खेड्यातलं कुणी ‘मुर्सिएगालो’ म्हणालं की शहरात हसतात, कारण कोशाला ‘मुर्सिएलागो’ पसंत आहे. लॅटिनमधल्या ‘आंधळा उंदीर’ या मुळाशी जास्त जवळचं रूप मात्र खेड्यातलंच आहे.

‘आइगा’ची दुसरी गोष्ट अजून बोलकी आहे. यादवी युद्धानंतर, १९३९ ते १९५२ पर्यंत, स्पेनमध्ये रेशन होतं. लोक त्या काळाला ‘लोस आन्योस देल आम्ब्रे’, भुकेची वर्षं, म्हणतात. त्या दिवसांत काळ्या बाजारात काही जण गबर झाले. असं सांगतात की असा एक नवश्रीमंत मोटारींच्या दुकानात गेला आणि म्हणाला, “सगळ्यात मोठी जी आइगा, ती द्या.” तेव्हापासून अवाढव्य, डामडौलाच्या गाडीला ‘उन आइगा’ म्हणायला लागले. हा शब्द अकादमीच्या कोशात आहे. जरा थांबून बघा, काय झालं ते. खेड्यातल्या माणसाचं क्रियापद कोशानं अशिष्ट ठरवलं, आणि त्या क्रियापदावरून त्याची केलेली टिंगल मात्र नाम म्हणून नोंदवून घेतली. गाडी विकत घेता येते, बोलणं विकत घेता येत नाही. तू कुठून आलास ते तोंड उघडताच कळतं, हे त्या एका शब्दात भरलेलं आहे.

तुमच्या आजी त्या वर्षांच्या शेवटाला जन्मलेल्या किंवा अगदी लहान असाव्यात. त्यांच्या आईनं ताटलीत जे काही होतं ते वाढताना ‘लो के आइगा’ म्हटलं असेल, आणि त्या घरात ते वाक्य व्याकरणाचं नव्हतं. आज तेच तुमच्या मुलाच्या ताटलीशी येतं, पोटभर जेवणासोबत.

आता रांगेतला गृहस्थ. तुमच्या मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. ‘आब्लार एन क्रिस्तिआनो’ हा रोजचा वाक्प्रचार आहे. डॉक्टर अवघड नावं फेकायला लागले, वकील कलमं सांगायला लागला की स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘जरा एन क्रिस्तिआनो सांगा’. म्हणजे समजेल असं सांगा. आपणही चिडलो की ‘शुद्ध मराठीत सांगू का?’ म्हणतो, तिथे ‘शुद्ध’चा अर्थ ‘स्वच्छ, रोखठोक’ एवढाच. पण तेच वाक्य डॉक्टरला म्हणणं आणि आपल्या मुलाशी आपल्या भाषेत बोलणाऱ्या बाईला म्हणणं यांत फरक आहे. तो गृहस्थ तुमच्या संभाषणात नव्हता. त्याला समजायची काही गरज नव्हती. तुम्हाला टोचलं ते योग्यच टोचलं.

आणि या वाक्प्रचाराला इतिहास आहे. १४९२ साली स्पेनमधलं मुसलमानांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं, ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि नेब्रिहा या पंडिताचं कास्तियन, म्हणजे स्पॅनिश भाषेचं, व्याकरण छापून आलं, तिन्ही एकाच वर्षी. पुढे १५६७ मध्ये दुसऱ्या फेलिपे राजाच्या फर्मानानं ग्रानादाच्या धर्मांतरित मुसलमानांना अरबी बोलण्या-लिहिण्याची बंदी केली. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या त्यांच्यातल्याच एका वृद्ध पुढाऱ्यानं लेखी अर्ज केला. त्यात त्यानं म्हटलं की जेरुसलेमकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टाचेही बोलतात, तेही ख्रिस्तीच आहेत. मग भाषेचा आणि श्रद्धेचा संबंध काय? त्याचं कुणी ऐकलं नाही. दोन वर्षांच्या आत बंड पेटलं, आणि १६०९ पासून त्या सगळ्या समाजालाच हद्दपार केलं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९७५ पर्यंत, कातालान किंवा बास्क या स्पेनमधल्याच भाषा बोलणाऱ्यांना हेच ऐकवलं जाई: ख्रिस्ती भाषेत बोल. तीही माणसं ख्रिस्तीच होती. म्हणून एखादा कातालान सहकारी तुमच्या ऑफिसात असेल तर त्याला हा प्रसंग सांगून बघा. ‘नुसता वाक्प्रचार आहे’ असं तो म्हणणार नाही.

हे एकच उदाहरण नाही. स्पॅनिशमध्ये गोंगाट, कलकलाट याला ‘आल्गाराबीआ’ म्हणतात. तो शब्द म्हणजे मुळात ‘अल-अरबिय्या’, अरबी भाषा. शेजाऱ्याची भाषा कळली नाही, तिला गोंगाट म्हटलं. ‘लादीनो’ म्हणजे आधी लॅटिनवरून आलेली बोली जाणणारा, मग कास्तियन येणारा मुसलमान किंवा अमेरिकेतला मूळनिवासी, आणि शेवटी लबाड, कावेबाज. आपली भाषा परक्याला आली तर तो लबाड. आणि आफ्रिकेतून नुकत्याच आणलेल्या, स्पॅनिश न येणाऱ्या गुलामाला ‘बोसाल’ म्हणत. कुत्र्याच्या तोंडाला बांधायची मुसकी असते ना, तिलाही बोसालच म्हणतात. तुम्ही ऐकली असतील ती साधी वाक्यंही याच गोतातली: नीट बोल म्हणजे ‘कोमो दिओस मान्दा’, देवाच्या आज्ञेप्रमाणे, चुकीचं बोललं म्हणजे ‘पातादास आल दिक्सिओनारिओ’, शब्दकोशाला लाथा. धर्म, देव, लाथ, मुसकी. व्याकरणाचे शब्द यांत कुठेच नाहीत. बोलणारा कोण, कुठला, कुणाच्या घरचा, एवढंच या सगळ्यांत आहे.

आपलं घर यापेक्षा वेगळं आहे असं मला म्हणता येत नाही. आपला शब्दच ‘शुद्धलेखन’. शुद्ध-अशुद्ध हे सोवळ्या-ओवळ्याच्या कुळातले शब्द आहेत. तुमच्या ‘पानी’ला वर्गात हसले ते ‘न’ला हसले नाहीत. न आणि ण यांतला फरक त्यांच्या कानाला खटकला एवढंच असतं तर त्यांनी फार तर सांगितलं असतं. त्यांनी तुमचं गाव आणि घर ओळखलं आणि हसून ओळखल्याचं कळवलं. ते दुखणं तुम्ही वीस वर्षं बाळगलंत. आता तुमच्याकडून, तुमच्या नकळत, आजींच्या दारावर तोच शिक्का पडायला निघालाय. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्याला लागलेलं असतं तोच मुलाला लागू नये म्हणून सगळ्यात जास्त धडपडतो.

मग करायचं काय?

आजींकडे पाठवणं बंद करू नका. यावर मी ठाम आहे. तुमच्या नवऱ्याची काळजी खोटी नाही, पण उपाय महागडा आहे, पैशानं नव्हे. परक्या देशात मुलाला एक आजी मिळाली आहे. शाळेनंतर रोज दोन-तीन तास एक मोठं माणूस त्याच्याशी निवांत बोलतं, गोष्टी सांगतं, त्याचं ऐकतं. शिकवणीत वीस मुलांत त्याच्या वाट्याला किती वाक्यं येतील? आठ वर्षांचं मूल दोन रूपं सहज सांभाळतं. तुमचा मुलगा तर दोन भाषा सांभाळतोय. शिकवणी हवीच असेल तर आठवड्यातून एक दिवस वाचनासाठी लावा, आजींच्या बदल्यात नको.

‘आया’ शिकवा, पण ‘आइगा’ चूक आहे असं न म्हणता. ‘आजीच्या घरी आइगा, वहीत आणि वर्गात आया’ एवढं पुरे. ‘काइगा-त्राइगा’ची गोष्ट त्याला सांगा, मुलांना शब्दांच्या अशा भानगडी फार आवडतात. एका गोष्टीला मात्र जपा: आजींच्या देखत त्यांचा शब्द दुरुस्त करू नका, आणि त्यालाही करू देऊ नका. शाळेत शिकून आलेल्या नातवंडानं आजीला सुधारायला घेतलं की घरात काय होतं, ते आपण मराठी घरांत पुष्कळ पाहिलंय. आजी गप्प व्हायला लागतात.

एसबद्दल फक्त वही तपासा. बोलताना तो काय करतो ते सोडून द्या. लिहिताना ‘लोस गातोस’ला दोन्ही एस घालतो का, ते पाहा. घालत असेल तर काम झालं. गाळत असेल तर रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन आणि चार ओळींचं श्रुतलेखन. आंदालुसियातली लाखो मुलं न उच्चारलेले एस लिहायला अशीच शिकतात.

शिक्षिकेला एकदा वेगळं भेटा, तक्रार करायला म्हणून नव्हे. त्यांना विचारा, ‘अडचण बोलण्यात आहे की लिहिण्यात?’ त्यांच्या ‘घरी असं कोण बोलतं?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या: ‘त्याला सांभाळणाऱ्या आजी खाएनच्या आहेत, त्या अशा बोलतात, आणि आम्हाला ते आवडतं.’ १९५० आणि ६० च्या दशकांत आंदालुसिया, एस्त्रेमादुरा, ला मांचा इथून माणसांचे लोंढे माद्रिदच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत आले. ती शाळा ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यावरची निम्मी आज्या-आजोबा मंडळी तिकडचीच असतील. त्यांची नातवंडंही त्याच वर्गात असायची शक्यता आहे. कदाचित शिक्षिकेनं या अंगानं विचार केला नसेल, कदाचित त्यांचीच आजी तिकडची असेल. वाद घालू नका, पण मान खाली घालूनही येऊ नका. हवं तर एवढं मनात ठेवा की १७१३ साली स्थापन झालेली आणि ‘स्वच्छ करते, स्थिर करते, झळाळी देते’ असं ब्रीद मिरवणारी स्पॅनिश अकादमीसुद्धा आज एका शहराला भाषेची मालकी देत नाही. २००९ चं मोठं व्याकरण तिनं अमेरिका खंड आणि फिलिपिन्समधल्या अकादम्यांबरोबर मिळून काढलं, आणि स्पॅनिशला अनेक केंद्रं आहेत हे त्यात मान्य केलं.

त्या गृहस्थासारखं पुन्हा कुणी भेटलं तर? वेळ आणि माणूस बघा. माणूस तिरसट वाटला, मुलगा बरोबर असला तर काही न बोलता आपलं मराठी बोलणं पुढे चालू ठेवा. तेच उत्तर आहे. बोलावंसं वाटलं तर शांतपणे म्हणा, ‘एस माराती. लो आब्लामोस एन कासा.’ मराठी आहे, आम्ही घरी बोलतो. आवाज चढवू नका, माफीही मागू नका. त्यानंतर घरी मुलाशी नक्की बोला, कारण त्यानंही ते ऐकलंय. आईनं त्या क्षणी आपला आवाज बारीक केला का, हे मुलं पाहतात. म्हणून बाहेर मराठी बंद करायला माझा विरोध आहे. घराबाहेर लपवायची भाषा कुठलं मूल घरात आवडीनं बोलेल? तुमच्या नवऱ्याला हेही सांगा की मुलाचं स्पॅनिश मराठीमुळे कच्चं राहत नाही. त्याच्या दिवसाचे बहुतेक तास स्पॅनिशमध्येच जातात.

तुमच्यासारखी पत्रं मला थोड्या फरकानं इतरही येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. पुण्यात बसून मेक्सिको किंवा कोलंबियाच्या ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलांना आपलं ‘थ’वालं स्पॅनिश बदलावं का, असा प्रश्न पडतो. बदलायची सक्ती नाही. समोरच्याचे शब्द मात्र शिका, आणि त्याच्या बोलण्याला मनात ‘बिघडलेलं’ म्हणणं सोडा. अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांना मुलांचे मित्र एकमेकांना ‘पोचो’ म्हणताना ऐकू येतं. इंग्रजी मिसळून स्पॅनिश बोलणाऱ्याला मेक्सिकोकडचे लोक तसं हिणवतात. तिथेही तोच न्याय लावा: शब्द कुणी कुणाला उद्देशून म्हटला, ते आधी बघा.

सगळेच वाक्प्रचार हिणवणारे नसतात, हेही सांगते. तेराव्या शतकात गोन्सालो दे बेर्सेओ नावाचा कवी होऊन गेला, कास्तियनमधला नावानिशी माहीत असलेला पहिला कवी. लॅटिन सोडून आपण ‘रोमान पालादिनो’त लिहितोय, असं त्यानं म्हटलं, म्हणजे माणूस आपल्या शेजाऱ्याशी ज्या भाषेत बोलतो त्या उघड्या-साध्या भाषेत. साधं, स्पष्ट बोलणं या अर्थानं ते शब्द स्पॅनिशमध्ये अजून वापरतात. पुढच्या वेळी मनात ‘एन क्रिस्तिआनो’ टोचायला लागलं की हा दुसरा शब्द आठवा. तुमच्या मुलाचं अर्धं स्पॅनिश शेजारणीकडून आलंय.

एक काम लगेच करण्यासारखं आहे. एक वही करा आणि मुलाला आजींचे शब्द त्यात लिहून घ्यायला सांगा: भांड्यांची नावं, ऑलिव्ह झाडावरून झोडपून काढताना लागणाऱ्या वस्तूंची नावं, शिव्या सोडून जे काही त्या बोलतात ते सगळं. खाएन म्हणजे ऑलिव्हचा मुलूख. त्यांच्याकडे असे शब्द असतील जे शिक्षिकेकडेही नाहीत आणि माझ्याकडे तर नाहीतच. समोरच्या रकान्यात तुम्ही त्याच वस्तूंची सांगलीकडची नावं लिहा, तुमची आई म्हणायची तशीच, ‘पानी’सकट. आणि ‘गातो’-‘गातोस’चा फरक तुम्हाला ऐकू आला की नाही, ते मला जरूर कळवा.